मूल्य : सप्रेम भेट

कवडू थूल यांनी गठ्ठ्याची सुतळी कापली नाही. नखाने गाठ सोडवली, सुतळी बोटांवर गुंडाळून खिशात टाकली, आणि वरचं पुस्तक उचलून छापखान्याच्या टेबलावर पालथं ठेवलं. समोर बसलेल्या ताराचंदने मलपृष्ठ वाचावं, असं त्यांना वाटत होतं. ताराचंदला ते वाचायची गरज नव्हती. त्यानेच छापलं होतं.

“हे सगळे रद्दीत घाला,” कवडू म्हणाले. “पाचशेच्या पाचशे. इथूनच. मले घरी न्यायचे नाई.”

“थूलबाबू, पुस्तक हाय ते. बिघडलेला कागद थोडीच हाय?”

“बिघडलाच हाय ना.”

त्यांनी मलपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे, एरवी किंमत असते त्या जागी, चौकटीत चार ओळी होत्या:

मूल्य : सप्रेम भेट
आयु. रोशनी व आयु. सचिन यांच्या मंगल परिणयानिमित्त
कृपया आहेर आणू नये.
हे पुस्तक वाचावे, हाच आहेर.

लग्नाची तारीख उलटून नऊ दिवस झाले होते. लग्न झालं नव्हतं.

कवडू थूल हे एकतीस वर्षं समुद्रपूर तालुक्यात हातपंप दुरुस्त करायचे. जिल्हा परिषदेची नोकरी, खाकी पिशवी, पिशवीत पाने आणि पान्यांच्या खाली एक डायरी. कोणत्या गावचा पंप कधी बिघडला, किती पाइप वर काढले, वॉशर कोणता टाकला, एवढंच लिहायची गरज होती. पण माणूस लिहिता लिहिता वाहवत गेला. कोणत्या पंपाचं पाणी मचूळ लागतं, कुठल्या पंपावर दोन जावांनी बारा वर्षांचा अबोला सोडला, आणि नंदोरीकडच्या एका गावात बोअरला पाणी फक्त बौद्धवाड्याच्या कडेला लागलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा सगळं गाव घागरी घेऊन त्या वस्तीत कसं आलं, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं. डायरीत त्यांनी कधी खोटं लिहिलं नाही. पंप चालू झाला नसेल, तर साहेब रागावतील म्हणून ‘दुरुस्त’ असं न लिहिता ‘जमलं नाही, उद्या येतो’ असंच लिहायचे. पाच डायऱ्या झाल्या. दोनशे सात हातपंप.

डिसेंबरात त्या डायऱ्या घेऊन ते वर्ध्याला आले, तेव्हा ताराचंदने एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांना खर्च मांडून दाखवला होता. सोळा पानांचा एक फर्मा, तुमचे होतात सात. शंभर प्रती छापा नाही तर पाचशे, अक्षरजुळणी तेवढीच, प्लेटा तेवढ्याच, मशीनही तेवढंच लावावं लागतं. वाढतो तो फक्त कागद आणि बांधणी. शंभर छापल्या, तर एक प्रत एकशे तीसला पडते. पाचशे छापल्या, तर चव्वेचाळीसला.

कवडूंना ते एका दमात समजलं.

“म्हणजे बोअर मारायचा खर्च एकदाच,” ते म्हणाले होते. “मंग घागरी दहा काढा का हजार.”

“बस, तसंच. आता किंमत किती लावता?”

किंमत म्हटल्यावर मात्र ते अडले. गावोगावी ज्यांनी त्यांना भाकरी वाढली, भर उन्हात दोर धरून पाइप ओढू लागले, त्यांच्याच गोष्टी त्यांनाच विकायच्या, हे त्यांच्या मनाला काही पटेना. तेवढ्यात त्यांना एकदम सुचलं. फेब्रुवारीत रोशनीचं लग्न होतं. पाहुणे साडेचारशे. पाहुण्यांना स्टीलच्या वाट्या देण्यापेक्षा पुस्तक द्यायचं. निम्मी वऱ्हाडी मंडळी त्या दोनशे सात पंपांचंच पाणी प्यायलेली. किंमत लावायची भानगडच उरली नाही. त्या दिवशी ते इतके खूश झाले, की छापखान्यातल्या सगळ्यांना त्यांनी चहा पाजला.

पुस्तकं बांधून तयार झाली आणि दोन दिवसांनी सचिनचा फोन आला. त्याच्या मनात दुसरी मुलगी होती. चार वर्षं होती. घरच्यांपुढे बोलायची हिंमत झाली नाही, असं तो म्हणाला, आणि ती हिंमत त्याला लग्नाच्या दहा दिवस आधी झाली. मंडपवाल्याने अर्धी उचल परत केली. स्वयंपाकवाल्याने तारीख दुसऱ्याला दिली. पत्रिका मिळालेल्या नातेवाइकांना कवडूंनी एकेक फोन केला आणि प्रत्येकाचं ‘काऊन, काय झालं?’ ऐकून घेतलं. सगळं कसंबसं परत घेता आलं. छापलेलं तेवढं परत घेता येईना.

“चहा सांगतो,” म्हणून ताराचंद बाहेर गेला आणि रस्त्यावर उभा राहून त्याने रोशनीला फोन लावला. ती वर्ध्यातच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायची. अर्ध्या तासात अंगावरच्या पांढऱ्या कोटासकट ती आली. वडिलांना इथे पाहून तिला नवल वाटलं नाही. तिने टेबलावरचं पालथं पुस्तक पाहिलं, उचललं आणि सुलटं केलं. मुखपृष्ठावर हातपंप होता आणि पंपाखाली भरत आलेली घागर.

“बाबा, किती वर्षं लिहिलं तुम्ही हे?”

“ते जाऊ दे.”

“एकतीस. अन् रद्दीवाला किलोनं नेणार.”

“तुयं नाव हाय त्याच्यावर, पोरी. त्याच्या नावाच्या बाजूले.” कवडूंनी तिच्या हातातल्या पुस्तकाकडे बोट केलं. “म्या छापलं. लोकं पत्रिका छापतात, ती दोन दिवसांत चुलीत जाते. म्या पुस्तकावर छापलं. कपाटात ठेवतीन लोकं, वर्षानुवर्षं. मलेच लय घाई झालती.”

सचिनच्या फोननंतर रोशनी कुणाशीच त्यावर बोलली नव्हती आणि रडलीही नव्हती. एक दिवस रजा टाकून ती कामावर गेली होती. लोकांना वाटलं पोरगी खंबीर आहे. कवडूंना वाटायचं, ही आतल्या आत विझून चालली आहे. तिची आई असती तर तिला जवळ घेऊन बसली असती. ती गेली, तेव्हा रोशनी अकरावीत होती. बापाला पंप उघडता येत होता, पोरीचं मन कसं उघडावं ते कळत नव्हतं.

“काका,” रोशनी ताराचंदला म्हणाली, “कव्हर बदललं तर?”

“बदलता येते. जुनं फाडाचं, नवं छापाचं, परत डिंक लावून चढवाचं, परत कटिंग. एका प्रतीमागं पंधरा रुपये वाढतीन. अन् कटिंगमध्ये पुस्तक थोडं लहान होईन.”

“म्हणजे एकोणसाठ. आणि नुसतं स्टिकर लावलं?”

“ऐंशी पैसे. त्याच्यावर किंमत छापून देतो. चौकट पुरी झाकून जाईन.” ताराचंद खुर्चीत पुढे सरकला. पुस्तक रद्दीतून वाचतंय म्हटल्यावर त्याला हुरूप आला होता. “किंमत एकशे तीस लावा. खर्चाच्या तिप्पट लावाच लागते, बेटा, हा धंद्याचा हिशोब हाय. दुकानदार शंभराले चाळीस कापते. एकशे तीसवर बावन्न त्याचे, अठ्ठ्याहत्तर तुमचे.”

“पन्नास,” रोशनी म्हणाली.

“पन्नासात कसं होईन? दुकानदाराचे वीस गेले, तर तीस हाती येतीन. पंधराच्या घाट्यात जासान.”

“दुकानात द्यायचंच नाही. आम्ही गावोगावी बसून विकू.”

“पन्नासच काऊन पण?”

रोशनीने पुस्तक दोन्ही हातांत धरलं होतं. तिने अंगठा मलपृष्ठाच्या त्या कोपऱ्यावर ठेवला होता. अंगठ्याखाली चौकट दिसत नव्हती.

“बाबा हे फुकट वाटणार होते, काका. माझ्यामुळे त्याला किंमत लावावी लागतेय. मग छपाईचे निघाले, बसभाडं निघालं, बस.”

कवडू उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. रस्त्यावरून कापसाची एक गाडी बाजाराकडे चालली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत ते पाहत राहिले, मग खिशातली सुतळी काढून त्यांनी आत येऊन गठ्ठा पुन्हा बांधला.

स्टिकर लावायचं काम समुद्रपूरच्या घरी एका रविवारी झालं. कवडू प्रती पालथ्या करून एकेक पुढे सरकवायचे, रोशनी स्टिकर लावून अंगठ्याने दाबायची. पांढरी पट्टी, वर काळ्या अक्षरात ‘किंमत ₹ ५०’. पाचशे वेळा तिला ती दोन नावं दिसणार, हे काम सुरू झाल्यावर कवडूंच्या ध्यानात आलं. मग ते पुस्तक सरकवताना त्या कोपऱ्यावर आपला पंजा ठेवू लागले आणि तिने स्टिकर पुढे आणलं, की पंजा काढू लागले. त्याचा काही उपयोग नव्हता. तिला सगळं दिसतच होतं.

“मी लावतो बाकीचे,” दोनेकशे झाल्यावर ते म्हणाले.

“तुमचं वाकडं लागते.”

त्यांनी मुकाट्याने पुढचं पुस्तक सरकवलं. दुपार कलली, तेव्हा भिंतीला लागून पाचशे प्रती नीट रचल्या होत्या, आणि रोशनीचा अंगठा लाल झाला होता. तिने तो पाण्याखाली धरला. बराच वेळ धरला.

मार्चपासून दर रविवारी बापलेक गिरडला बसू लागले. टेकडीच्या पायथ्याशी, दर्ग्याकडे जायच्या पायऱ्यांच्या अलीकडे, नारळ आणि चादरींच्या दुकानांच्या शेजारी एक सतरंजी. तालुक्यातली माणसं तिथे येतातच. कवडूंना ओळखणारेही बरेच निघायचे. “अरे, हे तं बोरिंगवाले थूलबाबू!” म्हणत लोक बसायचे, आपल्या गावचं पान काढायला लावायचे आणि वाचून घेताना मध्येच चूक दुरुस्त करायचे. कवडू त्या वेळी खुलायचे. मात्र ‘केवढ्याचं?’ हा प्रश्न आला, की पुस्तकांची चळत सरळ करायला लागायचे. तो आकडा त्यांच्या तोंडून निघतच नसे. किंमत नेहमी रोशनी सांगायची, पैसे तीच घ्यायची आणि डब्यात टाकायची. पाच रविवारांत एकशे बारा प्रती गेल्या.

सहाव्या रविवारी एक म्हातारी बाई पायऱ्यांकडे जाता जाता थांबली. डोक्यावरून पदर, हातात नारळाची पिशवी. मुखपृष्ठावरचा पंप पाहून ती खालीच बसली.

“आमच्या कोऱ्याची बोरिंग हाय का यात? शाळेपाशची?”

“हाय ना,” कवडू म्हणाले आणि पान न शोधता त्यांनी पुस्तक बरोबर उघडलं. “एकोणनव्वदची. पहिल्या वर्षी लाल पाणी आलं. साखळी तुटली, तवा एका बाईनं आपल्या गाईचं दावं आणून देल्लं.”

“ते माया सासूनं देल्लं!” बाईने कपाळाला हात लावला. “अवो, गाय मंग दिवसभर मोकळी फिरली, अन् बोलणे मी खाल्ले!”

तिघंही हसली. रोशनीसुद्धा हसली, आणि कवडूंनी ते पाहिलं. किती दिवसांनी, ते त्यांना नेमकं सांगता आलं असतं.

बाई शाळेत गेली नव्हती, पण प्रौढ वर्गात वाचायला शिकली होती. तिने आपल्या गावचं पान बोट फिरवत वाचलं, सासूचं नाव कुठे आहे ते दोनदा विचारून घेतलं, आणि मग पुस्तक पालथं केलं.

“केवढ्याचं?”

“पन्नास, मावशी,” रोशनी म्हणाली.

बाईने स्टिकर पाहिलं. कापडाच्या दुकानात, भांड्यांच्या दुकानात, जिथे चिठ्ठीवर चिठ्ठी असते तिथे खालची किंमत कमी असते, हे तिला साऱ्या संसारी बायांप्रमाणे पक्कं ठाऊक होतं. बोलता बोलताच तिने अंगठ्याचं नख स्टिकरच्या कडेखाली घातलं. उन्हाने डिंक सैल झाला होता. पट्टी सरळ निघून तिच्या बोटाला चिकटली.

रोशनीचा हात पुढे गेला आणि तिथेच थांबला.

“सप्रेम भेट,” बाई अक्षर लावून वाचू लागली. “रोशनी व सचिन यांच्या... मंगल... अवो, हे तं लग्नात वाटाचं पुस्तक हाय! फुकटाचं! अन् तुमी पन्नास घेता?”

शेजारचा चादरीवाला वळून बघायला लागला. कवडूंनी चळतीतलं एक पुस्तक उगाच मांडीवर ओढलं. एकतीस वर्षांत त्यांच्यावर असा आळ कुणी घेतला नव्हता.

“उरले होते, बाई,” ते कसेबसे म्हणाले. “पाहुण्यांपेक्षा जास्त छापले होते.”

बाईचा आवाज लगेच मऊ झाला.

“पोरगी तुमची?”

“हो.”

“कुठं देल्ली?”

कवडूंनी मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं. मग मुखपृष्ठावरच्या पंपाकडे, पंपाखालच्या घागरीकडे. पलीकडे हातभर अंतरावर त्यांची पोरगी बसली होती. तिच्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

“नागपूरले,” ते म्हणाले.

“खूश हाय ना?”

“हो. खूश हाय. लय खूश हाय.”

रोशनीने बापाकडे पाहिलं. ज्या माणसाने न चाललेल्या पंपापुढे कधी ‘दुरुस्त’ लिहिलं नाही, तो आत्ता ‘लय खूश हाय’ म्हणाला होता. तिला वाटलं, बाईला खरं सांगावं आणि मोकळं व्हावं. पण मग खोटा कोण ठरला असता?

“चांगलं घर भेटलं तिले, मावशी,” ती म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. “नवरा चांगला हाय. जीव लावते.”

“तूबी तिच्याच घरची दिसतं.”

“हो.”

बाईने कमरेचा बटवा काढला. पन्नासाची नोट काढून रोशनीच्या हातावर ठेवली. बटवा मिटला नाही. आतली चिल्लर बोटांनी चाचपत ती बराच वेळ काहीतरी शोधत राहिली, आणि शेवटी एक रुपयाचं नाणं काढून तिने नोटेवर ठेवलं.

“पन्नासच आहेत, मावशी.”

“ते पुस्तकाचे. हा पोरीचा.” बाई गुडघ्यावर हात देऊन उठली. “आहेर आणू नये लिवलं हाय, ते वाचलं म्या. लिवणारा लिवते. लग्नाचं पुस्तक घ्याचं अन् पोरीले काहीच नाई द्याचं, असं कसं जमन? तिले नेऊन देजो, माय. इसरू नोको. म्हणजो, कोऱ्याच्या मावशीनं देल्ला, सुखी राह्य.”

निघता निघता तिने बोटाला चिकटलेली पट्टी सोडवली, कुठे टाकावी ते न सुचून सतरंजीच्या कडेला लावली, आणि पुस्तक नारळाच्या पिशवीत घालून ती पायऱ्या चढू लागली.

रोशनीने नोट डब्यात टाकली. कवडूंनी डबा तिच्यापुढे तसाच धरून ठेवला. रुपया मात्र तिच्या मुठीत होता. तिने डब्याकडे पाहून मान हलवली, मूठ छातीशी धरली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली. आवाज न करता, खाली मान घालून, भर बाजारात, थांबता न येणारं रडणं. कवडूंनी डबा खाली ठेवला. त्यांचा हात तिच्या डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला.

सतरंजीपुढे एक तरुण जोडपं येऊन उभं राहिलं. मुलाने वरचं पुस्तक उचललं, दोन पानं चाळली.

“केवढ्याचं आहे, काका?”

या प्रश्नावर कवडू नेहमी रोशनीकडे पाहायचे. आज तिच्याने बोलवत नव्हतं.

“पन्नास,” कवडू म्हणाले.